कोणतं वडनेर?

महाराष्ट्रात वडनेरांना तोटा नाही. चांदवड तालुक्यात वडनेर भैरव आहे, ते द्राक्षांचं. दर्यापूर तालुक्यात वडनेर गंगाई आहे. हिंगणघाटच्या पुढे नागपूर-हैदराबाद रस्त्यावर नुसतंच वडनेर आहे, त्याला मागे-पुढे कोणी नाही. नाशिकला खेटून वडनेर दुमाला आहे, तिकडे बिबट्याचा वावर. आणि बुलढाणा जिल्ह्यात, नांदुरा तालुक्यात, मलकापूरहून नांदुऱ्याकडे निघालं की महामार्गावर लागतं ते आमचं वडनेर भोलजी. कंडक्टर नुसतं ‘वडनेर’ म्हणतो, आम्हीही नुसतं ‘वडनेर’च म्हणतो आणि मलकापूर-नांदुऱ्याच्या टप्प्यात ‘भोलजी’वाचून कोणाचं काही अडत नाही. अडायला लागलं ते गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाल्यापासून.

बातमी पुढे ढकलणाऱ्याला गावाचं आडनाव लिहायचा कंटाळा असतो. “वडनेर शिवारात बिबट्या. सर्वांनी सतर्क राहावे.” एवढाच मजकूर दिवेलागणीला ग्रुपवर येतो. सोबत फोटो. फोटोत बिबट्या आहे हे खरं, पण त्याच्या मागे द्राक्षाचा मांडवही ठसठशीत दिसतो. आमच्या शिवारात कपाशी, मका, तूर, सोयाबीन. द्राक्षं आम्ही पाहतो ती हातगाडीवर, तीही भाव विचारून पुढे जायला. पण समोर बिबट्या उभा असताना मागच्या मांडवाकडे लक्ष कोणाचं जाणार? रात्रीच्या पाळीला हरभऱ्याला पाणी द्यायला निघालेला माणूस घरात परत येतो. कोणी म्हणतं, नाल्याकडं कुत्रे भुकून राह्यले. कोणाच्या साळ्याला कालच संशय आला होता. नऊ वाजेपर्यंत बिबट्याला मादी मिळते आणि दहाच्या सुमारास पिल्लंही होतात.

मग बारावीतलं एक पोरगं दोन शब्द टाकतं : “कोनतं वडनेर?”

ग्रुपवर शांतता. बराच वेळ ‘टाइप करत आहे’सुद्धा दिसत नाही. शेवटी बातमी आणणारे काका लिहितात, “बेटा, खबरदारी घेतल्यानं काही बिघडते का?” त्यावर अंगठे. ते पोरगं उद्धट आहे, असं बहुमताने ठरतं.

वास्तविक त्या रात्री गावाच्या कामी आला तो तेवढाच एक मेसेज. पण ग्रुपवर कामी येण्याची व्याख्या वेगळी आहे. इथे मदत करणारे इतके, की मदत घेणारा मिळणं मुश्कील. पहाटे पाचला पहिला मदतनीस उगवतो. तो गुलाबाच्या फुलावर दव, त्यावर सूर्य, सूर्यावर एक सुविचार असं काहीतरी पाठवून गावाचा दिवस सुरू करून देतो. हा रोग आपलाच नाही, देशभर आहे. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या वॉल स्ट्रीट जर्नलने बातमी दिली होती, की शुभ सकाळच्या चित्रांनी भारतीयांचे फोन तुडुंब भरतात. गूगलने तर ही चित्रं हुडकून पुसून टाकायची सोय आपल्या एका ॲपमध्ये केली. एवढ्या मोठ्या कंपनीला आमच्या गावातल्या काकांसाठी माणसं कामाला लावावी लागली, याचा काकांना पत्ता नाही. कळलं तर ते त्या माणसांनाही सुप्रभात पाठवतील.

ग्रुपचा खरा कस लागतो तो लाईट गेल्यावर. एरवी ज्यांनी वर्षभर तोंड उघडलेलं नाही, तेही त्या वेळी बोलते होतात.

“लाईट गेली का?”
“आमच्याकडं बी गेली.”
“आमची बी.”
“कोनाकडं हाय का?”
“पुण्यात आहे.”

हा शेवटचा गावाचाच. हिंजवडीकडे नोकरीला आहे. त्याला वाटतं, आपण माहिती दिली. त्यावर “तू गप रे” येतं, मग “कवा येईन?”, मग “फॉल्ट हाय”, मग “फॉल्ट कुठी हाय?”, मग “तेच पाहून राह्यले.” पाहून कोण राह्यलं, हे कोणी लिहीत नाही. फोनची बॅटरी चार टक्क्यांवर आलेली माणसंसुद्धा त्यातला एक टक्का “हो ना” लिहिण्यात घालवतात. तेवढ्यात कोणीतरी भारनियमनावरची कविता टाकतं आणि कोणीतरी त्या कवितेवर टाळ्या.

या सगळ्या वेळात ट्रान्सफॉर्मरच्या डीपीपाशी एक माणूस उभा असतो. लिंबाची फांदी तारेवर पडलेली, वायरमन खांबावर चढलेला आणि हा खाली टॉर्च धरून. त्याच्याजवळ फोन असतो, पण त्याच फोनचा टॉर्च चालू असल्यामुळे त्याला लिहिता येत नाही. ग्रुपवर सगळ्यांत जास्त माहिती ज्याच्याजवळ आहे, तोच नेमका गप्प, हा मी अनेकदा पाहिलेला प्रकार आहे. लाईट आल्यावर तो घरी जाऊन जेवतो. ग्रुपवर “आली आली” सुरू होतं आणि पहिल्यांदा “आली” लिहिणाऱ्याला लोक धन्यवाद देतात.

दुसरा मदतीचा प्रांत रक्ताचा. “ओ निगेटिव्ह रक्ताची तातडीने गरज, लहान बाळाचं ऑपरेशन आहे, कृपया पुढे पाठवा.” खाली नंबर. गाव नाही, दवाखाना नाही, तारीख तर नाहीच. पाठवणाऱ्याच्या मनात खोट नसते. उलट त्याच्या डोळ्यांत पाणी असतं. पण हा निरोप इतकी वर्षं फिरतो आहे, की ते बाळ आता दाढी करत असेल. एकदा एका शिक्षकांनी पुढे पाठवण्याआधी त्या नंबरावर फोन लावला. पलीकडचा माणूस इतका शिणलेला होता, की त्याने आवाज ऐकताच “रक्त मिळालं, बाळ बरं आहे, तुमचे आभार” एवढं एका दमात म्हणून फोन ठेवला. शिक्षकांनी हे ग्रुपवर कळवलं. दोघा-चौघांनी “देव पावला” असं लिहिलं आणि संध्याकाळी तोच निरोप पुन्हा आला.

शेतीचा विषय निघाला की मात्र ग्रुप शहाणा होतो, निदान व्हायला पाहतो. अमेरिकन लष्करी अळी २०१८ साली देशात पहिल्यांदा आढळली, आधी कर्नाटकात आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात. तेव्हापासून मक्याच्या पोंग्याचा फोटो हा ग्रुपवरचा नेहमीचा पाहुणा आहे. फोटो हलत्या हाताने काढलेला. त्यात पान दिसतं, अंगठा दिसतो, मागची बैलजोडी सुरेख दिसते, अळी दिसत नाही.

“हे काय होय भाऊ?”
“अळी होय.”
“कोनती?”
“खानारी.”

यानंतर औषधं सुरू होतात. एक जण एक फवारणी सांगतो, दुसरा त्यात दुसरी मिसळायला सांगतो, तिसरा म्हणतो राख टाका, चौथा म्हणतो आमच्या आज्याच्या वेळेला असं काही नव्हतं. हे शेवटचं अगदी खरं आहे. ही अळी आज्याच्या वेळेला अमेरिकेतच होती. मग ज्याने कृषी पदविका केली आहे आणि जो एरवी कोणाच्या वाढदिवसाला केकही टाकत नाही, तो लिहितो : “अळी हातावर घ्या. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय दिसतो का पाहा. शेपटीकडं चार ठिपके चौकोनात आहेत का? तसा फोटो टाका. तोवर काही मारू नका.” या ‘काही मारू नका’ने गावाचे किती पैसे वाचत असतील, ते दुकानदाराला विचारावं. तो सांगणार नाही. पण या माणसाला अंगठे मिळत नाहीत, कारण त्याने लोकांना उत्तर दिलं नाही, कामाला लावलं. शेतात परत जा, वाका, अळी हातावर घ्या, उन्हात डोळे बारीक करून ठिपके मोजा. फवारणी त्यापेक्षा सोपी.

आमचा जिल्हा या बाबतीत भाग्यवान म्हणायचा की कसं, ते ठरवणं अवघड आहे, पण पुढे ढकलण्याजोग्या मालाची इथे कधी टंचाई पडली नाही. जून २०२० मध्ये टाळेबंदीत सगळे घरी बसलेले असताना लोणारच्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासणी करून खारट पाण्यातल्या सूक्ष्म जीवांमुळे हा रंग आला असं सांगितलं. तोवर आमच्या ग्रुपने चार कारणं शोधून, त्यातली दोन मतदानाने फेटाळूनही टाकली होती.

शिवाय दर अक्षय तृतीयेला भेंडवळ असतेच. जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावी शेतात घट मांडतात. गोल आखून भोवती अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर घागर, घागरीवर पापड-कुरडई-करंजी. दुसऱ्या दिवशी उजाडताच कोणतं धान्य सरकलं, कोणतं ढेकूळ भिजलं ते पाहून वर्षाचं भाकीत सांगतात. पीक कसं, पाऊस कसा आणि राजा गादीवर राहतो की जातो. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांचा याला विरोध आहे, हवामान खात्याचा अंदाज वेगळाच असतो आणि आमच्याकडे हजारो माणसं पहाटे तिथे हजर असतात. माझी तक्रार भाकिताबद्दल नाही. भेंडवळ आमच्याच जिल्ह्यातलं, गाडीला किक मारली की पोचावं. तरी सकाळी आठच्या आत ग्रुपवर तीन भाकितं पडलेली असतात. एकात जूनमध्ये पाऊस कमी, दुसऱ्यात जास्त आणि तिसरं मागच्या वर्षीचं. कपाशी लावायची की सोयाबीन हे ठरवायला बसलेला शेतकरी तिन्ही वाचतो आणि जे आधीच ठरवलं होतं तेच पेरतो. तेवढ्यापुरती घटमांडणी निरुपद्रवी आहे.

जानेवारी २०२५ मध्ये मात्र हसण्यावारी न्यावं असं काही नव्हतं. शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस एकाएकी झडू लागले. डोक्याला खाज, मग हात लावला की केस हातात, मग तीन-चार दिवसांत टक्कल. बाया, पोरी, पुरुष, कोणी सुटेना. आमच्या ग्रुपची सहानुभूती उचंबळून आली आणि तिने नेहमीचा रस्ता धरला. कांद्याचा रस, एरंडेल, जास्वंद, एका साबणाची जाहिरात. मग कारणं : पाणी, विषाणू, खतं, परदेशी कट. त्या गावांतल्या पोरांशी सोयरिक करायला लोक कचरू लागले, अशा बातम्या पेपरात येऊ लागल्या, आणि त्याही ग्रुपवर हळहळीच्या चेहऱ्यांसकट फिरल्या.

आरोग्य खात्याची माणसं आली, आयसीएमआरचं पथक आलं, पाण्याचे नि कातडीचे नमुने गेले. आणि महाडहून डॉ. हिंमतराव बावस्कर आले. हे तेच बावस्कर, ज्यांनी कोकणात विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपाय रूढ केला आणि ज्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. सत्तरी ओलांडलेला माणूस. त्यांना कोणी ग्रुपमध्ये ॲड केलं नव्हतं. गावात जाऊन त्यांनी लोकांचं रक्त, लघवी, केस तपासायला पाठवले आणि घरातला गहूही. फेब्रुवारीत त्यांनी निष्कर्ष मांडला, की रेशनच्या गव्हात सेलेनियम फार आहे आणि केस त्याने गेले असावेत. त्यावर पुढे वाद-प्रतिवाद व्हायचे ते होवोत, शास्त्रात ते व्हावेतच. पण लोक काय खातात हे बघायला पिठाच्या डब्यात हात घालायचं आमच्यापैकी कोणाला सुचलं नव्हतं. आम्ही सगळे डोक्याकडेच पाहत होतो, आणि तेही फोटोतल्या.

निरोप पुढे ढकलण्याला व्हॉट्सॲपने लगाम का लावला, तेही सांगायला पाहिजे, आणि ते हसत सांगता येत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला भिक्षा मागायला आलेल्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली माणसं. पोरं पळवणारी टोळी फिरते आहे, असा निरोप त्या भागात मोबाइलवर फिरत होता. तो पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाला वाटत असणार, आपण गावाला सावध करतो आहोत. देशात त्या उन्हाळ्यात असं बऱ्याच ठिकाणी घडलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवता येईल असं बंधन जाहीर केलं. २०२० च्या एप्रिलमध्ये, फार फिरून आलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी, असं झालं. आमच्याकडे या नियमाची दखल घेतली गेली ती एवढीच, की काका आता पाच-पाच करून पाठवतात.

ॲडमिन नावाचा प्राणी याच काळात जास्त भेदरला. ग्रुपवर कोणी काही वावगं टाकलं तर पोलीस आधी ॲडमिनला उचलतात, असा एक निरोप फिरत होता आणि तो ॲडमिननेच सर्वांत आधी पुढे पाठवला होता. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदियाच्या एका प्रकरणात निकाल दिला. सभासदाने आक्षेपार्ह लिहिलं तर त्याची शिक्षा ॲडमिनला होत नाही, दोघांचा संगनमताचा बेत असल्याखेरीज. ॲडमिनच्या हाती माणूस घेणं आणि काढणं याहून फारसं काही नसतं, असं कोर्टाचं म्हणणं. बुलढाणा जिल्हा याच खंडपीठाखाली येतो, त्यामुळे आमच्या ॲडमिनला हा निकाल घरचाच वाटला. निकाल त्याने ग्रुपवर टाकला, खाली स्वतःचा फेटा बांधलेला फोटो टाकला आणि दोन दिवस लोक त्याचं अभिनंदन करत राहिले. निर्दोष सुटल्याबद्दल.

बिचाऱ्याला बोलून तरी काय उपयोग? पूर्वी ग्रुपला २५६ची मर्यादा होती, तेव्हा गावाचे दोन ग्रुप काढावे लागले होते. ‘भाग दोन’मध्ये पडलेल्यांना वाटायचं, खरी बातमी भाग एकमध्ये फुटते. भाग एकवाल्यांना वाटायचं, आपली निंदा भाग दोनमध्ये चालते. २०२२ मध्ये मर्यादा १०२४ वर गेली आणि ॲडमिनने वाटण्या झालेलं घर पुन्हा एक करावं तसे दोन्ही ग्रुप एक केले. तेव्हा कळलं, की दोन्हीकडे एकच गुलाबाचं फूल येत होतं.

पूर्वी दवंडी होती. कोतवाल हलगी वाजवून सांगायचा आणि त्याला जेवढं सांगायला सांगितलं तेवढंच सांगायचा. त्याने स्वतःच्या मनाने “ही दवंडी आणखी दहा गावांत पिटा” असं कधी जोडलं नाही. आणि आमच्याच वऱ्हाडात गाडगेबाबा होऊन गेले. ते गावात आले की आधी खराटा घ्यायचे, गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. २० डिसेंबरला त्यांची पुण्यतिथी असते. त्या दिवशी ग्रुपवर त्यांचे फोटो इतके येतात, की नालीत कुठे काय तुंबलं आहे हा कोणीतरी टाकलेला फोटो वर वर जात दिसेनासा होतो.

गेल्या दिवाळीत पुण्याच्या, लाईट असणाऱ्या त्या पोराने एक कामाची गोष्ट काढली. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे, त्यावर गावोगावचे लेख आहेत. पण त्यातले पुष्कळसे सारख्याच साच्यातले. भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा अशी शीर्षकं मांडून ठेवलेली आणि ‘लोकजीवन’ खाली रिकामी जागा. म्हणजे गाव आहे, हवामान आहे, माणूस नाही. आपल्या वडनेरची माहिती आपणच भरू, असं त्याने सुचवलं. अंगठ्यांचा पाऊस पडला. एका निवृत्त गुरुजींनी जबाबदारी घेतली आणि विचारलं, “प्रेक्षणीय स्थळांत काय लिहू?”

यावर गाव दोन दिवस विचार करत होतं. कोणी नांदुऱ्याचा मारुती सुचवला, महामार्गावरचा, १०५ फुटी. “तो नांदुऱ्याचा हाय.” “पन पाह्यले आपल्याच गावावरून जातात ना!” मलकापूरकडून येणाऱ्यांपुरतं हे बिनतोड आहे. मग ठरलं, की ‘गावापासून अमुक किलोमीटरवर’ असं लिहायचं. अमुक म्हणजे किती? एकाने एक आकडा दिला, दुसऱ्याने दुसरा, तिसऱ्याने तिकिटाच्या दरावरून हिशेब मांडला, चौथ्याने मोबाइलचा नकाशा टाकला, त्यात सुरुवात हिंगणघाटच्या वडनेरपासून होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुधाच्या कॅना पोचवून परतताना, एक जण सरळ मोटारसायकल घेऊन मारुतीपर्यंत गेला. निघतानाचा काट्याचा फोटो आणि पोचल्यावरचा फोटो, दोन्ही त्याने ग्रुपवर टाकले. खाली एक अक्षर लिहिलं नाही. मला वाटलं, संपलं. गुरुजींनाही वाटलं असावं, कारण त्यांनी “धन्यवाद, लिहून घेतो” असं लगेच कळवलं.

“कुठून मोजलं?” काकांनी विचारलं.

“स्टँडवरून.”

“स्टँड इकडचं का तिकडचं? मलकापूरच्या गाड्या एका अंगाला थांबतात अन् नांदुऱ्याच्या दुसऱ्या.”

गुरुजींनी लेख तूर्त तसाच ठेवला आहे.